दाद जाणत्याची



या संमेलनात नारायणगावकरांच्या वतीने आपणा सर्वांचं मनःपूर्वक स्वागत. तमाशाची पंढरी म्हणून या गावाची ओळख आहे. पाडव्याच्या सुमारास इथे फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावचे पंच येतात आणि जत्रांच्या सुपाऱ्या ठरतात. पाहुणचाराची आम्हाला सवय आहे. तरी काही उणं राहिलं तर हक्काने कान धरा.

लावणी ही जाणत्यांची कला. ती शृंगाराचं बोलते म्हणून तिची ओळख करून देताना आवाज खाली आणायचं कारण नाही. पण नुसतं वय वाढून माणूस जाणता होत नाही; त्याला बारकावे टिपता आले पाहिजेत. पद्मश्री यमुनाबाई वाईकर बैठकीची लावणी गायच्या. अशा बैठकीत कलावंत अंगभर नऊवारी नेसून, बसून गाते. एकच ओळ ती पुन्हा पुन्हा घेते. पहिल्यांदा भुवईत रुसवा, मग बोटांत आर्जव, तिसऱ्यांदा पदर सावरता सावरता टोमणा. शब्द तेच, अर्थ दर खेपेला नवा. हा पालट टिपतो त्याच्या तोंडून आपसूक ‘वाहवा’ निघते. नुसती शिट्टी मारून मोकळा होणारा लावणीला येऊनही लावणीवाचूनच घरी जातो.

नारायणगावचंच नाव लावणाऱ्या तमाशा कलावंत विठाबाईंना १९५७ आणि १९९० साली राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव लाभला. २००२ साली त्या गेल्या, पण अखेरचे दिवस ओढग्रस्तीत काढून. पदकं देणाऱ्या समाजाने चुलीची चौकशी केली नाही. कलावंताच्या जिण्याची पर्वा नसेल तर दाद अर्धीच राहते.

म्हणून स्वागत समितीने तीन गोष्टी ठरवल्या आहेत. प्रत्येक कलावंत भगिनीचं मानधन ती मंचावर चढण्याआधी तिच्या हातात पडेल. मंचावर नोटा उडवता येणार नाहीत. कलावंताला विचारल्याशिवाय कुणी मोबाइलवर चित्रण करायचं नाही. काहींना हे जाचक वाटेल, पण यजमान म्हणून आम्ही यात सवलत देणार नाही.

आज रात्री बैठक आहे. लेकरांना घरी निजवून, निवांत या. वन्स मोअर जरूर मागा. मात्र कुठल्या अदेसाठी मागितला, हे शेजाऱ्याने विचारलं तर सांगता आलं पाहिजे!