पायरीवरून आत

(वाचन प्रेरणा दिनानिमित्त सौंदड, जि. गोंदिया येथील सार्वजनिक वाचनालयात केलेल्या भाषणाचा मजकूर)



वाचनालयाचे काका, पुढे चटईवर बसलेली बालमंडळी, मागे उभे असलेले दादालोक आणि दाराजवळ दाटीवाटीने बसलेल्या माझ्या आया-बहिणींनो,

मला ‘वाचनाचे महत्त्व’ या विषयावर बोलायला सांगितलं होतं. पण हा निबंध तुम्ही सगळ्यांनी शाळेत किती वेळा लिहिलाय ते मला ठाऊक आहे. त्यामुळे मी दुसऱ्या एका गोष्टीवर बोलते. तुम्ही आत येताना जी पायरी चढून आलात, त्या पायरीवर.

माझ्या अब्बांचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. दुपारी गिऱ्हाईक नसलं की ते या वाचनालयात पेपर वाचायला यायचे. म्हणजे या पायरीपर्यंत यायचे. काका पेपर बाहेर आणून द्यायचे, अब्बा पायरीवर बसून पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचायचे आणि नीट घडी घालून परत करायचे. मी विचारायची, ‘अब्बा, आत पंखा आहे, खुर्च्या आहेत, मग बाहेर का बसता?’ ते म्हणायचे, ‘हाथ काले हैं बेटा, किताबें खराब हो जाएँगी.’

बरीच वर्षं मला ते खरं वाटलं. मग एकदा लक्षात आलं, की जुम्म्याच्या नमाजनंतर, आंघोळ केलेली, अंगात पांढरा कुर्ता, हात स्वच्छ, तरीसुद्धा अब्बा पायरीवरच बसतात. त्यांना ‘आत येऊ नका’ असं या वाचनालयात कधीच कोणी म्हटलं नाही. हात धरून ‘आत चला’ असंही कोणी म्हटलं नाही. आणि अब्बांनी स्वतःच ठरवून टाकलं होतं, की ही जागा चांगली आहे, पण आपली नाही.

आज समोर बसलेल्या मुस्लिम मुला-मुलींना मी विचारते, आपल्यापैकी किती जण अजून त्याच पायरीवर आहेत? स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकांसाठी आपण आत येतो, खाली मान घालून वाचतो आणि निघून जातो. कार्यक्रम असला की ‘तो त्यांचा’ म्हणतो. कपाटात कोणती पुस्तकं यावीत, हे आपण कधी सांगत नाही. आणि मग घरी येऊन तक्रार करतो, की तिथे आपल्या लेखकांचं एकही पुस्तक नाही. मागितलं कोणी होतं?

ही जागा कोणाची, हे जरा कायद्यानेच बघू. आपल्या राज्यात महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम, 1967 हा कायदा आहे. या कायद्याखाली गावोगावच्या वाचनालयांना शासनाची मान्यता मिळते, अ, ब, क, ड असे वर्ग मिळतात आणि वर्गाप्रमाणे अनुदान मिळतं. हे अनुदान येतं कुठून? सरकारी तिजोरीतून. म्हणजे चहापत्तीचा पुडा घेतानाही जो कर भरतो, त्या प्रत्येकाच्या खिशातून. माझ्या अब्बांनी पायरीवर बसून जो पेपर वाचला, त्यात त्यांचाही पैसा होता. इथे कोणी कोणावर मेहरबानी करत नाही.

आता माझी स्वतःची फजिती सांगते.

इथे महिन्यातून एकदा ‘मला आवडलेलं पुस्तक’ हा कार्यक्रम सुरू झाला, तेव्हा काकांनी मला बोलायला सांगितलं. मी ‘अग्निपंख’ निवडलं. कलाम साहेबांच्या आत्मचरित्राचा तो मराठी अनुवाद. मी बोलले, टाळ्या पडल्या. सगळे गेल्यावर काका म्हणाले, ‘पोरी, चांगलं बोललीस. पुस्तकही चांगलंच आहे. पण खरं सांग, रात्री जागून कोणतं वाचलंस?’

मी गप्प. कारण रात्री जागून मी वाचलं होतं मारुती चितमपल्लींचं ‘नवेगावबांधचे दिवस’. ते मी सांगितलं नाही, कारण माझ्या डोक्यात होतं, की मुसलमान मुलीने उभं राहून बोलायचं तर कलाम साहेबांवरच बोलावं. ते सगळ्यांना चालतं. कोणी भुवया उंचावत नाही.

आज कलाम साहेबांचाच जन्मदिवस आहे. 2015 पासून 15 ऑक्टोबर हा वाचन प्रेरणा दिन म्हणून आपल्या राज्यात साजरा होतो. रामेश्वरममध्ये लहानपणी पेपर वाटणारा तो मुलगा पुढे राष्ट्रपती झाला, याचा मला अभिमान आहे. पण त्यांचं नाव मी ढालीसारखं पुढे धरलं होतं. ढालीमागे उभं राहून वाचनाबद्दल बोलता येत नाही. पुस्तक सुचवणं म्हणजे आपल्याला खरंच काय आवडतं, कशाने त्रास झाला, कशाने झोप उडाली, हे चार लोकांसमोर कबूल करणं. ते करण्याचा हक्क आपल्याला आहे, पक्ष्यांच्या पुस्तकाबद्दलसुद्धा.

पुढच्या महिन्यात मी चितमपल्लींवर बोलले. नवेगावबांध इथून किती दूर आहे? आपण सहलीला जातो, तलाव बघतो, डबा खाऊन परत येतो. वनाधिकारी म्हणून आलेला हा माणूस मात्र तिथे राहिला, आणि तलावाची, पाखरांची, जंगलात फिरणाऱ्या माणसांची नोंद करत गेला. त्या दिवशी मागे बसलेले एक ढीवर समाजाचे आजोबा उठले आणि तलावातल्या माशांवर अर्धा तास बोलले. त्यांनी ते पुस्तक वाचलेलं नव्हतं. पण कार्यक्रम त्यांचा झाला. नंतर त्यांच्या नातवाने ते पुस्तक घरी नेलं.

अशीच अजून थोडी पुस्तकं सांगते. ही परीक्षेची यादी नव्हे.

पहिलं, रा. चिं. ढेरे यांचं ‘मुसलमान मराठी संतकवी’. श्रीगोंद्याचे शेख महंमद यांनी ‘योगसंग्राम’ हा ग्रंथ मराठीत लिहिला. शिवरायांचे आजोबा मालोजीराजे त्यांना गुरू मानत, असं परंपरा सांगते. ‘तुम्ही मराठी छान बोलता हो’ असं कौतुक ज्यांना ऐकावं लागतं, त्यांनी हे पुस्तक जरूर वाचावं. आपण मराठीत काल आलेलो नाही.

दुसरं, हमीद दलवाई यांची ‘इंधन’ ही कादंबरी, 1965 सालची. बऱ्याच वर्षांनी कोकणातल्या आपल्या गावी परतलेला माणूस आणि त्याच्या डोळ्यांसमोर पेटत जाणारं गाव. दलवाईंच्या मतांवर आपल्या घरांत वाद होतात. व्हावेत. पण वाचून व्हावेत. त्यालाच जोडून मेहरुन्निसा दलवाई यांचं ‘मी भरून पावले आहे’ हे आत्मकथन घ्या. चळवळीतल्या माणसाचं घर कोण चालवतं, ते त्यात कळतं.

तिसरं, साने गुरुजी. ‘श्यामची आई’ सगळ्यांना माहीत आहे. पण याच गुरुजींनी ‘इस्लामी संस्कृती’ नावाचं पुस्तकही लिहिलं. शेजाऱ्याचा धर्म समजून घ्यायला किती कष्ट घ्यावेत, हे त्यातून शिकता येतं. आणि मग आपण शेजाऱ्याबद्दल किती वाचलं, हाही प्रश्न स्वतःला विचारावा.

चौथी शिफारस जरा वेगळी. साकोलीचे डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांचा झाडीबोलीचा शब्दकोश. शब्दकोश कोणी वाचतं का? मी वाचते. शाळेत मी ‘पानी’ म्हटलं की एक मुलगी हसायची. म्हणायची, ‘तुमच्या घरी हिंदी बोलतात, म्हणून तुला पाणी म्हणता येत नाही.’ पुढे कळलं, की झाडीबोलीत ‘ण’ च नाही. माझी अम्मी ‘पानी’ म्हणते आणि शेजारची आत्याही ‘पानी’च म्हणते. ज्या शब्दाने मला परकं ठरवलं होतं, तोच शब्द अख्ख्या गावाचा निघाला. हे मला वाचनालयातल्या पुस्तकाने सांगितलं.

हेही ऐकून ठेवा. 1990 साली पुण्यात भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष यू. म. पठाण होते, संतसाहित्याचे मोठे अभ्यासक. त्याच वर्षी सोलापुरात पहिलं मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरलं. सगळ्यांच्या मांडवात बसणं आणि आपला वेगळा मांडव घालणं, दोन्ही आपण केलेलं आहे. दोन्ही लागतं.

आता कार्यक्रमांबद्दल. गावातला कार्यक्रम गावाच्या वेळापत्रकाने चालतो. रोवणीच्या दिवसांत आम्ही बैठक ठेवली आणि तीन माणसं आली, त्यातले एक काका स्वतः. दिवाळीनंतर मंडई सुरू होते, रात्री झाडीपट्टीची नाटकं असतात, तेव्हा तुमचं पुस्तक ऐकायला कोण थांबणार? मग आम्ही शहाणे झालो. मंडईतच एका टेबलावर पुस्तकं मांडली. रमजानमध्ये संध्याकाळची बैठक दुपारी घ्यावी, हे मला सांगावं लागलं नाही. समितीतल्या एका दादांनी स्वतःहून वेळ बदलली आणि फळ्यावर लिहून टाकली. त्या फळ्याकडे मी बराच वेळ बघत उभी होते.

पण बायका येत नव्हत्या. कोणत्याही समाजाच्या. संध्याकाळची वेळ, स्वयंपाक, पोरं, आणि ‘वाचनालयात काय काम आहे?’ हा प्रश्न. म्हणून बुधवारी दुपारी दोन ते चार बायकांची वेळ ठेवली. पहिल्या बुधवारी दोघी आल्या, त्यातली एक मी. मग मी कापडी पिशवीत आठ-दहा पुस्तकं घेऊन घरोघरी फिरू लागले. एका घरी दारातूनच उत्तर मिळालं, ‘आमच्या घरच्या बायकांना वाचायची गरज नाही.’ मी परत फिरले. दुसऱ्या आठवड्यात त्याच घरातली सून विहिरीवर भेटली आणि हळूच म्हणाली, ‘आपा, पातळ पुस्तक असेल तर द्या. लपवायला बरं पडतं.’

ते वाक्य मी विसरू शकत नाही. आपल्यातल्या पुरुषांना मी हात जोडून सांगते, बाहेरच्या भेदभावावर आपण जितकं बोलतो, तितकं या पातळ पुस्तकावरही बोला. पायरी फक्त वाचनालयाला नसते, घरालाही असते.

हे जमत नाही असं नाही. 2021 च्या जानेवारीत औरंगाबादच्या बायजीपुऱ्यात एका शाळकरी मुलीने वडिलांच्या मदतीने मोहल्ल्यातल्या मुलांसाठी वाचनालय सुरू केलं. पुढे शहरात अशी तीसहून जास्त मोहल्ला बाल वाचनालयं उभी राहिली. आपल्याकडे तर इमारत आहे, कपाटं आहेत, काका आहेत. आपल्याला फक्त आत यायचं आहे.

भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक एस. आर. रंगनाथन यांनी 1931 मध्ये पाच सूत्रं मांडली. त्यांतल्या एका सूत्राचा अर्थ असा, की प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळाला पाहिजे. म्हणजे कपाटात पडून राहिलेलं पुस्तकही कोणाची तरी वाट बघत असतं. ती गाठ घालून देणं हे एकट्या ग्रंथपालाचं काम नाही, तुमचं-माझंही आहे.

माझं मागणं थोडं आहे. सभासद व्हा. महिन्याला एक पुस्तक वाचा आणि ते खरंच कसं वाटलं ते इथे येऊन सांगा. आवडलं नसेल तर तसंही सांगा. आणि पुढच्या बैठकीला येताना एका माणसाला सोबत आणा, जो आजवर पायरीवर बसला आहे. त्याला नुसतं ‘या’ म्हणू नका, त्याच्यासाठी खुर्ची ओढून ठेवा.

अब्बांचे गुडघे आता दुखतात, त्यांना इथवर चालवत नाही. पेपर मी घरी नेते. त्यांना आत बसवायचं माझ्याकडून राहून गेलं. तुमच्याकडून राहू नये.

मागणीवही टेबलावर आहे, पेन दोऱ्याने बांधलेलं आहे. चहा घेण्याआधी प्रत्येकाने एका पुस्तकाचं नाव लिहायचं आहे. दाराजवळच्या आया-बहिणींनी आधी.