तुरीचें रानांतील गोत

नांदुऱ्याच्या काळ्या जमिनींत कपाशीमध्यें पेरलेल्या तुरीच्या ओळी पिवळ्या फुलांनीं बहरल्या, म्हणजे शेतकऱ्यास त्यांत घरची डाळ दिसते. या तुरीस सह्याद्रींत व ओडिशा-बस्तरच्या रानांत वाढणारीं झुडुपवजा भावंडें आहेत, हें मात्र थोड्यांसच ठाऊक असतें. हें नातें निश्चित करण्यास वाळलेल्या फांद्यांचे संग्रह फार उपयोगीं पडले.

असा नमुना करण्याची रीत साधी आहे. फुला-शेंगांसह फांदी खुडावी, टिपकागदांत दाबून वाळवावी व जाड कागदावर चिकटवावी. कोपऱ्यांतील चिठ्ठीवर स्थळ, तारीख व गोळा करणाराचें नांव लिहावें. ही चिठ्ठी नसेल, तर त्या फांदीची किंमत वाळल्या गवताएवढीच. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयांतील ब्लॅटर संग्रहांत व पुण्यास १९५५ सालीं स्थापन झालेल्या भारतीय वनस्पति सर्वेक्षणाच्या पश्चिम विभागांत असे नमुने जपून ठेविलेले आहेत.

रानतुरींना पूर्वीं ‘अटायलोशिया’ नामक निराळ्या वंशांत घालीत. त्यांच्या बियांवर जो मांसल उंचवटा असतो, तो लागवडीच्या तुरीवर बहुधा दिसत नाहीं, एवढेंच मुख्य कारण. डच शास्त्रज्ञ व्हान डर मासेन यांनीं अनेक संग्रहांतील नमुने ताडून पाहिले आणि १९८६ सालीं या रानतुरी तुरीच्याच ‘कजानस’ वंशांत आणिल्या.

या नात्याचें फळ पुढें हैदराबादजवळील इक्रिसॅट संस्थेंत दिसलें. सह्याद्रींतील रेशमी लवेची ‘कजानस सेरिसियस’ आणि ओडिशा-बस्तरकडील ‘कजानस कॅजॅनिफोलियस’ यांना मादी करून तुरीशीं वारंवार संकर केला, तेव्हां सजीव पराग न धरणारी तूर हातीं आली. अशा तुरीवर संकरित बियाणें मोठ्या प्रमाणांत निपजवितां येतें.

कागदावरील नमुना रानतूर कोठें सांपडली होती, तें सांगतो. उगवणारें बीं मात्र त्या रानांतूनच आणावें लागतें. तें रान तुटलें, तर केवळ पत्ता हातीं राहील. म्हणून नांदुऱ्याच्या मुलांनींहि माळावरील तरवडाची एखादी फांदी वाळवून तिच्याखालीं स्थळ व तारीख लिहिण्याची संवय लावून घ्यावी. शिंबी कुळांतील हें झुडूप आज सामान्य वाटतें. पुढें तें विरळ झालें, तर तें कोठें व केव्हां होतें, याचा पुरावा त्या चिठ्ठींत मिळेल.