आकड्यांच्या कोष्टकातून अर्थव्यवस्थेचे दर्शन : वॅसिली लिऑन्टिएफ यांचे कार्य



यंत्र आले की माणसाचे काय होणार, हा प्रश्न नवा नाही. हातमागाच्या जागी यंत्रमाग आला तेव्हा तो विचारला गेला, मोटेच्या जागी विजेचा पंप आला तेव्हा विचारला गेला, कचेरीत संगणक आला तेव्हाही विचारला गेला. आज कृत्रिम बुद्धिमत्तेच्या निमित्ताने घराघरात त्याचीच चर्चा चालू आहे. मात्र या प्रश्नाची चर्चा बहुधा भीतीच्या किंवा भाबड्या आशेच्या आधारे होते. ती मोजमापाच्या आधारे व्हावी यासाठी ज्या अर्थशास्त्रज्ञाने उभे आयुष्य वेचले, त्या वॅसिली लिऑन्टिएफ यांच्या कार्याचा परिचय करून देणे हा या व्याख्यानाचा हेतू आहे. संगणक हे यंत्र प्रयोगशाळेतून नुकतेच बाहेर पडत होते, तेव्हा त्याला एका संपूर्ण राष्ट्राच्या अर्थव्यवहाराचे गणित घालणारा हा पहिला अर्थशास्त्रज्ञ होय. आणि त्याच यंत्रामुळे श्रमिकांवर काय प्रसंग येईल याचा हिशेब मांडणाऱ्या अग्रणींतही त्याची गणना होते.

मायदेशाचा निरोप

लिऑन्टिएफ यांचा जन्म १९०५ साली झाला. त्यांचे बालपण रशियातील सेंट पीटर्सबर्ग शहरात गेले. वडील अर्थशास्त्राचे प्राध्यापक होते. १९१७ ची क्रांती झाली तेव्हा वॅसिली बारा वर्षांचे होते. वयाच्या पंधराव्या वर्षीच त्यांना विद्यापीठात प्रवेश मिळाला. विचारस्वातंत्र्याचा आग्रह धरल्यामुळे विद्यार्थिदशेतच त्यांना तुरुंगवासही घडला. १९२५ साली शिक्षण पूर्ण झाले. त्याच सुमारास मानेवर एक गाठ आली आणि ती असाध्य रोगाची असावी असे डॉक्टरांना वाटले. अशा रुग्णास देश सोडण्याची परवानगी मिळाली. पुढे ती गाठ निरुपद्रवी ठरली; परंतु तिने एका तरुणाच्या आयुष्याची दिशा बदलली.

बर्लिन येथे त्यांनी १९२८ साली डॉक्टरेट मिळविली. कील येथील संशोधन संस्थेत काम करीत असताना चीन सरकारच्या निमंत्रणावरून ते तेथील रेल्वे मंत्रालयाचे सल्लागार म्हणूनही जाऊन आले. १९३१ साली त्यांनी अमेरिकेची वाट धरली आणि लवकरच ते हार्वर्ड विद्यापीठात अध्यापन करू लागले. त्या वेळी अमेरिका महामंदीत सापडली होती. कारखाने बंद पडत होते, लक्षावधी लोक बेकार होते. मात्र एका उद्योगातील मंदी दुसऱ्या उद्योगापर्यंत कोणत्या मार्गाने व किती प्रमाणात पोहोचते, हे आकड्यांनिशी सांगण्याचे साधन कोणापाशीच नव्हते. हे साधन तयार करण्याचा संकल्प या नवागत तरुणाने सोडला. विद्यापीठाने त्यांना एक मदतनीस व थोडे अनुदान दिले. हे काम तडीस जाईल असा भरवसा मात्र फारच थोड्यांना होता.

कोष्टक कसे असते?

त्यांच्या पद्धतीस आदान-प्रदान विश्लेषण असे म्हणतात. तिच्या मुळाशी असलेली कल्पना साधी आहे. प्रत्येक उद्योग इतर उद्योगांकडून काही घेतो व इतरांना काही देतो. साखर कारखान्याचे उदाहरण घ्यावे. त्याला ऊस लागतो, पोती लागतात, यंत्रांचे सुटे भाग लागतात, वाहतूक लागते. उसाला खत लागते, खताला वीज लागते, विजेला कोळसा लागतो आणि कोळशाच्या वाहतुकीला रेल्वे लागते. ही साखळी सरळ रेषेत जात नाही. ती फिरून पुन्हा मूळ ठिकाणी येते. लिऑन्टिएफ यांनी उद्योगांची नावे आडव्या ओळींत व तीच नावे उभ्या रकान्यांत लिहून प्रत्येक चौकटीत कोणी कोणाला किती माल दिला याचा आकडा भरला.

समजा, १०० रुपयांचे पोलाद तयार करण्यास २० रुपयांचा कोळसा लागतो आणि १०० रुपयांचा कोळसा काढण्यास १० रुपयांचे पोलाद लागते. आता एखादा पूल बांधण्यासाठी १,००० रुपयांचे पोलाद हवे आहे. त्यासाठी २०० रुपयांचा कोळसा लागेल. तो काढण्यासाठी आणखी २० रुपयांचे पोलाद लागेल. त्या पोलादासाठी पुन्हा ४ रुपयांचा कोळसा लागेल. असे करीत गेल्यास शेवटी सुमारे १,०२० रुपयांचे पोलाद व २०४ रुपयांचा कोळसा निर्माण करावा लागतो. दोन उद्योगांचे हे गणित वहीच्या कोपऱ्यावर सुटते. उद्योगांची संख्या चाळीस-पन्नास झाली की तेवढीच समीकरणे एकाच वेळी सोडवावी लागतात आणि तेथे माणसाचा हात थकतो.

अमेरिकेच्या १९१९ सालच्या अर्थव्यवहाराचे ४४ उद्योगांचे कोष्टक त्यांनी प्रथम तयार केले. त्यावर आधारलेला लेख १९३६ साली व ग्रंथ १९४१ साली प्रसिद्ध झाला. ४४ समीकरणे सोडविण्याची सोय नसल्यामुळे त्यांना उद्योगांचे दहा गट करावे लागले. शेजारच्या मॅसॅच्युसेट्स तंत्रसंस्थेत जॉन विल्बर यांनी समीकरणे सोडविणारे एक यांत्रिक उपकरण बांधले होते. त्याची क्षमता नऊ समीकरणांची होती. लिऑन्टिएफ यांनी त्याचाही उपयोग करून घेतला.

संगणकाशी गाठ

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेच्या श्रम-सांख्यिकी कार्यालयाने हे काम हाती घेतले. युद्ध संपल्यावर सैनिक घरी परततील, शस्त्रास्त्रांचे कारखाने थांबतील. तेव्हा रोजगाराचे काय होईल, हे शासनाला जाणून घ्यावयाचे होते. त्या कार्यालयात जेरोम कॉर्नफिल्ड हे संख्याशास्त्रज्ञ होते. २४ रकान्यांच्या कोष्टकाचे गणित हाताने करावयाचे तर शंभर वर्षे लागतील, असा अंदाज त्यांनी केला. तेव्हा हार्वर्डमधील मार्क-१ या नव्या संगणकाची मदत घेण्याचे ठरले. याबाबत एक मौजेची हकीकत सांगितली जाते. वस्तू खरेदी करण्यास मंजुरी मिळत होती, सेवेसाठी पैसे देण्याची मात्र तरतूद नव्हती. अखेरीस गणिताचे उत्तर हीच एक वस्तू मानून तिच्या खरेदीचा आदेश काढण्यात आला! नवे तंत्र आले तरी कचेरीचे नियम जुनेच राहतात, याची ही साक्ष म्हणावी लागेल.

युद्धानंतर पोलादाची मागणी कोसळेल, असा उद्योगपतींचा कयास होता. पूर्ण रोजगार राखावयाचा असेल तर पोलाद अधिक लागेल, असे कोष्टक सांगत होते. आणि पुढे तसेच घडले. १९४९ च्या सुमारास ४२ समीकरणांचा संच मार्क-२ या संगणकावर सोडविण्यात आला. त्यासाठी यंत्र ५६ तास चालल्याची नोंद आहे. आज हेच काम खिशातील मोबाईल दूरध्वनी क्षणार्धात करू शकेल. परंतु त्या ५६ तासांमागे श्रम-सांख्यिकी कार्यालयाने दोन वर्षे खपून गोळा केलेली माहिती होती, हे विसरून चालणार नाही.

१९५३ साली त्यांनी १९४७ च्या आकडेवारीच्या आधारे परदेशी व्यापाराचा एक हिशेब प्रसिद्ध केला. अमेरिका हा भांडवलसंपन्न देश. तेव्हा तो भांडवलप्रधान माल निर्यात करीत असणार, असे सर्वजण समजत होते. प्रत्यक्षात दहा लाख डॉलरच्या निर्यातीमागे २५.५ लाख डॉलरचे भांडवल व १८२ श्रमवर्षे लागत होती. तर तेवढ्याच किमतीचा आयात माल देशातच बनवायचा तर ३०.९ लाख डॉलरचे भांडवल व १७० श्रमवर्षे लागली असती. म्हणजे अमेरिका श्रमप्रधान माल बाहेर पाठवीत होती. हा निष्कर्ष अर्थशास्त्रात लिऑन्टिएफ विरोधाभास म्हणून ओळखला जातो.

भारतातील अनुबंध

या पद्धतीचे पडसाद भारतातही लवकरच उमटले. कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत प्रा. महालनोबिस यांच्या नेतृत्वाखाली १९५० च्या दशकात अशी कोष्टके तयार होऊ लागली. देशातील पहिला संगणकही त्याच दशकात त्या संस्थेत आला. महाराष्ट्राचा या कार्यातील वाटा अभिमानास्पद आहे. मुंबई विद्यापीठातील डॉ. आर. भारद्वाज यांनी लिऑन्टिएफ यांची कसोटी भारताच्या परदेशी व्यापारास लावली व १९६२ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेत प्रा. पी. एन. माथुर यांच्या पुढाकाराने या विषयाच्या संशोधनास चालना मिळाली आणि १९६७ साली भारतीय आकडेवारीवर आधारलेला लेखसंग्रह पुण्यातून प्रसिद्ध झाला. पुढे केंद्रीय सांख्यिकी संघटनेने १९६८-६९ या वर्षापासूनची राष्ट्रीय कोष्टके तयार केली.

श्रमिकांचा हिशेब

लिऑन्टिएफ यांना १९७३ साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. पॉल सॅम्युएल्सन, रॉबर्ट सोलो, व्हर्नन स्मिथ व थॉमस शेलिंग हे त्यांचे विद्यार्थीही या सन्मानाचे मानकरी ठरले. १९७५ साली, वयाच्या सत्तरीत, ते न्यूयॉर्क विद्यापीठात गेले. या वयात अनेकजण आठवणी लिहावयास बसतात. लिऑन्टिएफ यांनी मात्र आपल्या आयुष्यातील सर्वात अवघड प्रश्न तेथे हाती घेतला. संगणकामुळे कोणाचे काम जाईल आणि किती?

फेय डचिन यांच्या सहकार्याने त्यांनी सिद्ध केलेला स्वयंचलनविषयक ग्रंथ १९८६ साली प्रसिद्ध झाला. तंत्रज्ञान आहे तसेच राहिले तर किती माणसे लागतील आणि संगणक व यंत्रमानव यांचा प्रसार वेगाने झाला तर किती लागतील, याची तुलना त्यात होती. तेवढेच उत्पादन करण्यास २००० साली २ कोटींहून अधिक, म्हणजे ११.७ टक्के, कामगार कमी लागतील असा निष्कर्ष निघाला. सर्वात मोठा फटका कारखान्यापेक्षा कचेरीला बसेल, असेही दिसून आले. एकूण कामगारांत कारकुनी काम करणाऱ्यांचा वाटा १९७८ मध्ये सुमारे १८ टक्के होता; तो २००० पर्यंत सुमारे ११ टक्क्यांवर येईल असा हिशेब होता.

प्रत्यक्षात काय झाले? २००० साली अमेरिकेत सुमारे १३.७ कोटी लोक कामावर होते आणि बेकारीचे प्रमाण ४ टक्क्यांच्या आसपास होते. मग हा हिशेब चुकला काय? तसे म्हणता येणार नाही. त्यांनी भविष्य वर्तविले नव्हते; तेवढ्याच उत्पादनास किती श्रम लागतील हे सांगितले होते. उत्पादन वाढले, नव्या वस्तू व नव्या सेवा निर्माण झाल्या आणि त्यांनी वाचलेले श्रम सामावून घेतले. मात्र सामावून घेतलेला माणूस तोच नव्हता. टंकलेखकाची जागा गेली व संगणक-तज्ज्ञाची निर्माण झाली, तरी टंकलेखक आपोआप तज्ज्ञ होत नाही. एकूण बेरीज जुळली तरी एखाद्या घरातील वजाबाकी शिल्लक राहतेच. म्हणूनच शिक्षण व प्रशिक्षण यांवरील खर्च हा त्या ग्रंथातील हिशेबाचाच एक भाग होता.

ट्रॅक्टर आल्यावर शेतातील घोड्याचे काम संपले, तसे माणसाचे होऊ नये, असा इशारा ते देत असत. घोड्याला मत नसते; माणसाला असते. तेव्हा यंत्राने निर्माण केलेल्या संपत्तीची वाटणी कशी करावयाची, हा प्रश्न समाजाने सोडवावयाचा आहे, अशी त्यांची भूमिका होती. १९८२ साली लिहिलेल्या एका लेखात त्यांनी कामाच्या तासांकडे लक्ष वेधले. पूर्वी अमेरिकेतील कारखान्यांत आठवड्याला ६७ तास काम चाले. ते कमी होत होत दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास ४२ वर आले. यंत्राच्या प्रगतीचा लाभ कामगाराला अशा रीतीने विश्रांतीच्या रूपाने मिळाला. पुढे ही घट जवळजवळ थांबली. तिला पुन्हा चालना द्यावी, हा त्यांच्या सूचनांपैकी एक महत्त्वाचा भाग होता.

आजचा बोध

५ फेब्रुवारी १९९९ रोजी लिऑन्टिएफ यांचे न्यूयॉर्क येथे निधन झाले. कृत्रिम बुद्धिमत्तेचा आजचा प्रसार त्यांनी पाहिला नाही. परंतु तिच्याविषयी कोणता प्रश्न कसा विचारावा, हे त्यांनी शिकवून ठेवले आहे. केवळ सुंदर समीकरणे मांडून आकडेवारी गोळा करण्याचे कष्ट टाळणाऱ्या आपल्याच व्यवसायबंधूंना त्यांनी १९७० साली अमेरिकन अर्थशास्त्र संघाच्या अध्यक्षपदावरून खडसावले होते. तो उपदेश आजही शिळा झालेला नाही.

कोणत्या तालुक्यात, कोणत्या उद्योगात, कोणत्या हातांना नव्या यंत्राचा धक्का बसणार आहे, हे आधी मोजले पाहिजे. सर्वेक्षणासाठी कारखान्यात, दुकानात वा शेतावर येणाऱ्या कर्मचाऱ्याला अनेकदा उडवाउडवीची उत्तरे मिळतात. त्याच्या हातातील प्रपत्रात भरलेला प्रत्येक खरा आकडा अशाच एखाद्या कोष्टकाच्या चौकटीत जाऊन बसतो आणि उद्याच्या रोजगाराच्या योजना त्यावरच आखल्या जातात. तो आकडा खरा देणे हे नागरिकाचे कर्तव्य आहे. आणि त्या आकड्यामागील माणूस न विसरणे हे नियोजनकाराचे कर्तव्य आहे. मायदेश सोडून आलेल्या एका तरुणाने थोड्याशा अनुदानावर सुरू केलेल्या कामाचा हाच अर्थ आहे.