मोबाइल क्रमांकाची सक्ती: सुरक्षा की पाळत?

ऑनलाइन खात्यासाठी मोबाइल क्रमांक मागण्याचा मुख्य हेतू खातेदाराची खात्री करणे आणि बनावट खाती रोखणे हा असतो. पासवर्ड चोरीला गेला तरी फोनवर येणाऱ्या ओटीपीमुळे चोराची वाट अडते. रिझर्व्ह बँकेने २००९ पासून ऑनलाइन कार्ड व्यवहारांना अशी दुसरी पडताळणी बंधनकारक केली.

मात्र हे कुलूप अभेद्य नाही. खातेदाराच्याच क्रमांकाचे दुसरे सिम मिळवून किंवा फोनवर धमकावून ओटीपी काढून घेतला जातो. फोनवरच्या भीतीचे बळ मुंबईजवळच्या मीरा-भाईंदरने जवळून पाहिले आहे. तिथल्या मीरा रोडच्या ज्या कॉल सेंटरांवर २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी छापे टाकले, तेथून कर अधिकारी असल्याचे भासवून अमेरिकी नागरिकांना धमकावले आणि लुबाडले जात होते.

पाळतीचा धोकाही खरा आहे. भारतात सिम ओळख पटवूनच मिळते. त्यामुळे एका क्रमांकावरची सर्व खाती एकाच माणसाशी जोडता येतात. सुरक्षेसाठी घेतलेले क्रमांक जाहिरातींसाठी वापरल्याबद्दल ट्विटरला २०२२ मध्ये अमेरिकेत १५ कोटी डॉलर दंड झाला. भारतात सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये गोपनीयता हा मूलभूत अधिकार ठरवला आणि २०१८ मध्ये मोबाइलला आधार जोडण्याची सक्ती रद्द केली.

बँकेसाठी ही सक्ती समर्थनीय ठरते. साध्या खरेदीच्या किंवा करमणुकीच्या खात्यासाठी ती अनावश्यक आहे. पर्याय असेल तिथे ऑथेंटिकेटर ॲप किंवा पासकी वापरावी, ओटीपी कोणालाही सांगू नये आणि आर्थिक फसवणूक झाल्यास तत्काळ १९३० या क्रमांकावर कळवावे.