माकडताप : ओझे कोणाच्या माथी?

१९५७ साली कर्नाटकातल्या क्यासनूरच्या जंगलात माकडे पटापट मरू लागली आणि पाठोपाठ आसपासच्या गावांत माणसे तापाने फणफणली. गोचिडीच्या चाव्यातून होणारा हा माकडताप २०१५ मध्ये गोव्याच्या सत्तरीत आणि २०१६ मध्ये सिंधुदुर्गातल्या दोडामार्गात उद्भवला. पण त्यासाठी पैसा मागितला की आक्षेप येतोच: देशभरात वर्षाला चार-पाचशे रुग्ण, त्यांतले शंभरात तीन ते पाच दगावतात, क्षयाने कितीतरी अधिक माणसे जातात, मग या रोगाचे एवढे काय?

आकडे खरे आहेत, पण ओझे नुसत्या मृत्यूंवर तोलणे मला अन्यायाचे वाटते. गोचिडीची खसखशीएवढी पिल्ले साधारण डिसेंबर ते मे या काळात पातेऱ्यात सर्वाधिक असतात, आणि काजूचा हंगामही त्याच काळात येतो. बोंडू वेचणारे, जळणाला जाणारे, पातेरा गोळा करणारे हेच त्यांच्या तावडीत सापडतात. ताप आठवडा-दोन आठवडे राहतो, काहींना उतरून पुन्हा चढतो, आणि नंतरचा अशक्तपणा महिनोन्महिने रेंगाळू शकतो. रोगी वाचला तरी घराची वर्षाची मिळकत बुडाली, आणि ही बुडीत कोणत्याही तक्त्यात दिसत नाही. या रोगाच्या विषाणूवर नेमके औषध नाही. वर्षानुवर्षे टोचलेली लस पुरेसे संरक्षण देत नाही म्हणून २०२२ मध्ये थांबवली गेली. तेव्हा आज सारी भिस्त प्रतिबंधावरच.

कोणी म्हणतात, माकडेच मारा. पण माकड स्वतःच या रोगाचा बळी आहे. ते मेले की अंगावरच्या गोचिडी उतरून तिथेच पसरतात, म्हणून तर मेलेल्या माकडाची खबर त्याच दिवशी पोचून भोवती फवारणी व्हावी लागते. दुसरे म्हणतात, लोकांनी जंगलात जाऊच नये. हे सांगणे सोपे. ज्याची चूल त्या काजूवर पेटते त्याला ते परवडत नाही. जाण्याला बंदी घालायचीच असेल तर बुडालेल्या मजुरीची भरपाई त्याच आदेशात लिहावी. नाहीतर अंगाला लावायचे गोचीडरोधक तेल नोव्हेंबरातच वाडीवाडीवर पोचवावे, आणि तापाच्या रुग्णाच्या रक्ताची तपासणी जिल्ह्यातच व्हावी.