सही करण्याआधी

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी वर्षातील आरोग्यविषयक कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सचिवांनी मला ‘आरोग्यावर बोला’ असं सांगितलं, तेव्हा मी म्हणालो, “अहो, मी ३६ वर्षं बँकेत काढली. त्यातली निम्मी कर्ज विभागात. आरोग्यावर मी काय बोलणार?” ते म्हणाले, “काका, मुलीच्या ऑपरेशनच्या वेळी तुम्ही जी फाइल केली होती ना, त्यावर बोला.” मुलीला विचारलं. ती म्हणाली, “बोला बाबा. फक्त लिफ्टचं सोडू नका.” म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

माझी धाकटी मुलगी डोंबिवलीला असते. दर रविवारी आमच्याकडे मुलुंडला येते. तीन वर्षांपूर्वी तिचं वजन ११२ किलो होतं आणि उंची १५८ सेंटिमीटर. एका रविवारी आम्ही आठ-नऊ जण लिफ्टमध्ये शिरलो आणि बझर वाजला. कोणीतरी गमतीने म्हणालं, “ताई, तुम्ही पुढच्या फेरीला या, म्हणजे आम्ही सगळे जाऊ.” सगळे हसले. ती बाहेर पडली आणि चार मजले जिना चढून आली. मंडळी, त्या लिफ्टमध्ये मीही होतो. आणि मीही हसलो होतो.

त्यानंतर महिन्याभराने तिने माझ्यासमोर एक गुळगुळीत कागद ठेवला. वजन कमी करण्याचं ऑपरेशन, ‘स्लीव्ह’ म्हणतात ते. सगळं मिळून एक पॅकेज, आणि महिनाअखेरपर्यंत आगाऊ रक्कम भरली तर सवलत. मी भडकलो. “तोंडावर ताबा ठेवला असता तर ही वेळ आली नसती,” असं बोलून गेलो. ती रडली नाही, कागद घडी करून पर्समध्ये ठेवला. आमची ही मात्र स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि म्हणाली, “जन्मभर परक्यांची कर्जप्रकरणं वाचलीत. पोरीचं एक प्रकरण वाचा, मग ओरडा.”

त्या रात्री मी नवी फाइल उघडली.

पहिल्यांदा माझ्या हाताला लागल्या त्या बातम्या. २०१७ साली इजिप्तच्या इमान अहमद यांना विमानाने मुंबईत आणलं होतं, ते आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. चर्नी रोडच्या सैफी रुग्णालयात मार्चमध्ये त्यांच्यावर स्लीव्हची शस्त्रक्रिया झाली. पुढे वजन किती उतरलं, प्रकृती किती सुधारली यावर त्यांची बहीण आणि डॉक्टर यांच्यात जाहीर वाद झाला. मे महिन्यात त्यांना अबुधाबीला हलवलं आणि सप्टेंबरमध्ये तिथे त्यांचं निधन झालं. मी लगेच मुलीला फोन करून म्हटलं, “बघ!” ती म्हणाली, “बाबा, त्या बाईंचं वजन ५०० किलोच्या आसपास सांगत होते. वर्षानुवर्षं अंथरुणाला खिळलेल्या होत्या त्या. आणि नितीन गडकरींनी २०११ साली मुंबईतच ऑपरेशन करून घेतलं, त्यांचं काय?” तिचं बरोबर होतं. एक खातं बुडालं म्हणून शाखा बंद करत नाहीत, आणि एकाने कर्ज वेळेत फेडलं म्हणून पुढच्याला डोळे मिटून मंजुरीही देत नाहीत.

मग मी कर्जप्रकरणासारखी छाननी सुरू केली.

पहिला प्रश्न गरजेचा. मुळात ऑपरेशन लागतं का? किलोमधल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागायचं, तो आकडा म्हणजे बीएमआय. मुलीचा जवळजवळ ४५ आला. आपल्या विमा नियामकाने २०१९ साली आरोग्य विम्यातल्या वगळलेल्या बाबींची भाषा सगळ्या कंपन्यांसाठी सारखी केली. त्यात लठ्ठपणाच्या शस्त्रक्रियेसाठी बीएमआय ४० किंवा जास्त, अथवा ३५ किंवा जास्त आणि सोबत हृदयविकार, झोपेत श्वास अडकण्याचा गंभीर त्रास किंवा आटोक्यात न येणारा मधुमेह, अशा अटी आहेत. तिला मधुमेह होता आणि झोपेत श्वास अडकायचा. डाएट, जिम, सगळं दोन-तीनदा करून झालं होतं. म्हणजे अर्ज बसत होता. (पॉलिसीतला प्रतीक्षाकाळ आधी बघा. तो प्रत्येकाचा वेगळा असतो.)

दुसरा प्रश्न जोखमीचा. अमेरिकेतल्या काही केंद्रांनी मिळून ४७७६ रुग्णांचा अभ्यास केला, तो २००९ साली प्रसिद्ध झाला. पहिल्या ३० दिवसांत मृत्यूचं प्रमाण ०.३ टक्के, म्हणजे हजारात तीन. सुमारे चार टक्के लोकांना मोठी गुंतागुंत झाली. पूर्वी पायाच्या शिरेत किंवा फुप्फुसात रक्ताची गुठळी झालेले आणि झोपेत श्वास अडकणारे, यांना धोका जास्त. हे वाचून मी खूण केली, कारण ते आमचंच होतं. शिवाय त्या अभ्यासात मुख्यतः बायपास आणि बँडची ऑपरेशनं होती. गुळगुळीत कागदावरच्या स्लीव्हला तो आकडा जसाच्या तसा लावता येत नव्हता. कुठलाही आकडा बघताना तो कोणत्या ऑपरेशनचा, कोणत्या रुग्णांचा आणि किती दिवसांचा, हे विचारायचंच.

इथे माझी स्वतःची चूक माझ्या लक्षात आली. मी एकाच बाजूची जोखीम मोजत होतो. स्वीडनमध्ये १९८७ पासून चार हजारांवर स्थूल माणसांवर लक्ष ठेवलं गेलं, निम्म्यांनी ऑपरेशन केलेलं, निम्म्यांनी नाही. २००७ साली आकडे आले. सरासरी अकरा वर्षांच्या सुमारास ऑपरेशन न केलेल्यांत ६.३ टक्के दगावले होते, केलेल्यांत ५ टक्के. काहीच न करणं हीसुद्धा एक जोखीम असते, फक्त तिच्यासाठी कोणी आपली सही घेत नाही.

तिसरा प्रश्न, कोणतं ऑपरेशन? दोन्ही बहुतेक दुर्बिणीतूनच करतात. स्लीव्हमध्ये जठराचा साधारण ७५ ते ८० टक्के भाग कापून काढतात आणि केळ्यासारखी नळी उरते. काढलेला भाग परत बसवता येत नाही. बायपासमध्ये जठराच्या वरच्या टोकाला जेमतेम ३० मिलिलिटरची, म्हणजे कफ सिरपच्या झाकणाची तीन मापं मावतील एवढी पिशवी करतात आणि ती थेट पुढच्या आतड्याला जोडतात. बाकीचं जठर पोटातच राहतं, पण अन्न त्यातून जात नाही. स्लीव्ह तुलनेने सुटसुटीत, पण त्यानंतर छातीतली जळजळ वाढू शकते. बायपास जळजळीला चांगला, पण त्यात जीवनसत्त्वांची कमतरता जास्त, आणि साध्या वेदनाशामक गोळ्यांनी जोडावर व्रण होऊ शकतो. टाक्यांतून गळती, रक्तस्राव आणि गुठळी हे धोके दोन्हींत.

हे वाचताना माझा हात थांबला. आमच्या मुलीला कितीतरी वर्षांपासून रात्री आंबट पाणी यायचं, दोन उशा घेऊन झोपायची. मी तिला विचारलं, “तुला त्या पॅकेजवाल्यांनी जळजळीबद्दल विचारलं का?” म्हणाली, “नाही. वजन केलं, फोटो काढला आणि तारीख दिली.”

आम्ही दुसऱ्या सर्जनचं मत घेतलं. त्यांनी आधी एंडोस्कोपी केली. अन्ननलिकेला सूज होती आणि जठराचा वरचा भाग थोडा छातीकडे सरकलेला होता. ते म्हणाले, “यांना स्लीव्ह केलं असतं तर जळजळ वाढण्याची बरीच शक्यता होती. मी बायपास सुचवतो.” शेजारच्या बाईंना स्लीव्ह छान लागू पडलं असेलही. ऑपरेशन सुरक्षित आहे का हा प्रश्न अर्धवट आहे मंडळी. कोणाला, कोणतं आणि कोणाच्या हातून, हे जोडल्याशिवाय त्याला उत्तर नाही.

मी त्या डॉक्टरांना विचारलेले प्रश्न फाइलमध्ये आहेत, कोणालाही झेरॉक्स देईन. हेच ऑपरेशन तुम्ही वर्षाला किती करता? तुमच्याकडे गळती किती जणांना झाली? रात्री दोन वाजता दुखलं तर फोन कोण उचलणार? आयसीयू याच इमारतीत आहे का? भूलतज्ज्ञ आणि आहारतज्ज्ञ आधी भेटतील का? पाच वर्षांनी तपासणी कोण करणार? महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांकही मागितला. चांगला डॉक्टर या प्रश्नांनी चिडत नाही. हे डॉक्टर तर मुलीला म्हणाले, “तुमचे बाबा बँकेत होते का हो?”

संमतीपत्र आम्ही दोन दिवस आधी घरी आणून वाचलं. समीरा कोहली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली स्पष्ट केलं आहे की उपचाराचं स्वरूप, फायदे, धोके आणि दुसरे पर्याय रुग्णाला पुरेसे समजावून मगच संमती घ्यायची, आणि एका प्रक्रियेची संमती दुसरीला चालत नाही. स्ट्रेचरवर झोपवून सही घेणं ही काही संमती नव्हे.

ऑपरेशन झालं. त्याआधी तीन आठवडे तिने झोपताना श्वासाचं मशीन लावलं. ती तिसऱ्या दिवशी चालत घरी आली. पण सिनेमासारखं काही झालं नाही, तेही सांगतो. चौथ्या महिन्यात केस मूठमूठ गळले. गणपतीत एक उकडीचा मोदक घाईने खाल्ला आणि घाम फुटून, धडधड होऊन अर्धा तास पडून राहिली. बी-१२, लोह, कॅल्शियम जन्मभर. दीड वर्षात वजन ७९ किलोवर आलं आणि तिथेच थांबलं. मधुमेहाच्या गोळ्या तीनावरून एकावर आल्या. आता एका उशीवर झोपते.

लोकांना वाटतं ऑपरेशन म्हणजे एकरकमी परतफेड, पैसे भरले की सुटलो. माझा हिशेब वेगळा आहे. हे आयुष्यभराचं कर्ज आहे. गोळ्या, रक्ततपासणी, सावकाश खाणं, चालणं हे त्याचे हप्ते. ज्याला हप्ते झेपणार नाहीत त्याने सही करू नये, आणि ज्याला झेपतील त्याला घरच्यांनी लाज वाटायला लावू नये.

मी डॉक्टर नाही, म्हणून हे करा किंवा करू नका असं सांगत नाही. दोनच विनंत्या करतो. सवलतीच्या तारखेकडे बघून शरीराचा निर्णय घेऊ नका. दुसरं मत घ्या, कागद घरी आणून वाचा. आणि दुसरी विनंती आपल्या सगळ्यांना, माझ्यासकट. लिफ्टचा बझर वाजला, तर जो शेवटी शिरला त्याने मुकाट्याने बाहेर यावं. त्या रविवारी शेवटी शिरलो होतो तो मी.