भावी शिक्षक आणि वर्गातील नवी साधने

(वाशीम जिल्ह्यातील छात्राध्यापकांसाठी तयार केलेल्या भाषणाचा मजकूर)



अध्यापनाचे शिक्षण घेणाऱ्या तरुणापुढे आज जितकी साधने उपलब्ध आहेत, तितकी ती यापूर्वीच्या कोणत्याही पिढीपुढे नव्हती. खिशातील भ्रमणध्वनीवर नकाशे आहेत, चित्रफिती आहेत, विज्ञानाचे आभासी प्रयोग आहेत, गोष्टींची पुस्तके आहेत आणि विचारलेल्या प्रश्नाला क्षणार्धात उत्तर देणारी यंत्रेही आहेत. साधनांचा तुटवडा हा जुन्या शिक्षकाचा प्रश्न होता. साधनांची निवड हा नव्या शिक्षकाचा प्रश्न आहे. बी.एड.चा अभ्यासक्रम २०१४ च्या नियमावलीने दोन वर्षांचा झाला. त्या वेळी माहिती तंत्रज्ञानाची डोळस जाण हा त्याचा एक भाग ठरविण्यात आला. त्यातील ‘डोळस’ हा शब्द महत्त्वाचा आहे.

वाशीम जिल्ह्याच्या संदर्भात या प्रश्नाला विशेष अर्थ आहे. १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्याचे विभाजन होऊन हा जिल्हा अस्तित्वात आला. वाशीम, रिसोड, मालेगाव, मंगरुळपीर, कारंजा आणि मानोरा हे त्याचे सहा तालुके. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे १२ लाख असून दर पाच माणसांपैकी चार जण खेड्यांत राहतात. २०१८ साली केंद्र शासनाने आकांक्षित जिल्ह्यांचा कार्यक्रम हाती घेतला. त्यात महाराष्ट्रातून नंदुरबार, गडचिरोली आणि उस्मानाबाद यांच्यासह वाशीमची निवड झाली. या कार्यक्रमात प्रगती मोजताना आरोग्य व पोषणाइतकेच, म्हणजे ३० टक्के, वजन शिक्षणाला देण्यात आले. जिल्ह्याचे भवितव्य वर्गखोलीत ठरते, असा त्याचा सरळ अर्थ होय.

साधने आली आणि गेली

दूरवरच्या मुलापर्यंत ज्ञान पोहोचविण्याचा प्रयत्न आपल्या देशाला नवा नाही. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या काळात उपग्रहाद्वारे शैक्षणिक दूरचित्रवाणीचा प्रयोग सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत करण्यात आला. महाराष्ट्रात १९८४ साली पुण्याला बालचित्रवाणीची स्थापना झाली आणि मराठी मुलांसाठी तेथे शेकडो कार्यक्रम तयार झाले. पुढे २००४ साली शिक्षणासाठी एड्युसॅट हा स्वतंत्र उपग्रह सोडण्यात आला. बालचित्रवाणी २०१७ साली बंद झाली. त्याच वर्षी ५ सप्टेंबर रोजी ‘दीक्षा’ हे राष्ट्रीय व्यासपीठ सुरू झाले. २०२० च्या मार्चमध्ये महामारीमुळे शाळांना कुलपे लागली, तेव्हा ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ हा उपक्रम राज्याने राबविला. त्याच वर्षी २० जुलैपासून सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ ही मालिका पहिली ते आठवीच्या मुलांसाठी दाखविण्यात आली.

या साऱ्या इतिहासातून एक गोष्ट लक्षात येते. साधन येते, काही काळ गाजते आणि त्याची जागा दुसरे घेते. मात्र कार्यक्रम सुरू होण्यापूर्वी मुलांच्या मनात कुतूहल जागे करणारा आणि कार्यक्रम संपल्यावर ‘आता सांगा, काय पाहिले?’ असे विचारणारा शिक्षक प्रत्येक काळात लागतोच. तो नसेल तर पडद्यावरील उत्तम धडाही करमणुकीच्या पातळीवर राहतो.

परितेवाडीचा धडा

सोलापूर जिल्ह्यातील माढा तालुक्यात परितेवाडी नावाचे लहानसे गाव आहे. तेथील जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांना ३ डिसेंबर २०२० रोजी जागतिक शिक्षक पारितोषिक जाहीर झाले. दहा लाख डॉलरच्या या पारितोषिकातील निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली. पाठ्यपुस्तकात क्यूआर संकेत छापून त्यातून ध्वनिफिती, चित्रफिती आणि गोष्टी मुलांपर्यंत पोहोचविण्याची त्यांची कल्पना पुढे राज्याच्या पाठ्यपुस्तकांत आली, हे सर्वांना ठाऊक आहे.

परंतु पारितोषिक देणाऱ्या संस्थेने त्यांच्या कार्याची जी नोंद घेतली, तिच्यातील एका तपशिलाकडे सहसा लक्ष जात नाही. शाळेतील मुलींची घरची भाषा कन्नड होती आणि पुस्तकाची भाषा त्यांना परकी होती. हे ध्यानात घेऊन शिक्षकाने ती भाषा शिकून घेतली आणि नंतर पुस्तकांना नवे रूप दिले. संकेत हा शेवटचा टप्पा होता. पहिला टप्पा होता मूल का मागे राहते याचा शोध. छात्राध्यापकाने परितेवाडीकडून संकेत तयार करण्याची कृती घेतली आणि हा शोध घेतला नाही, तर त्याने टरफल घेऊन दाणा टाकून दिला असे होईल.

एक उगम, दोन समुद्र

साधन कोठे उपयोगी पडते, याचे उदाहरण दूर शोधावयास नको. वाशीम तालुक्यातील काटा या गावाजवळ काटेपूर्णा नदी उगम पावते. ती उत्तरेकडे वाहत जाते, महान येथील धरणातून अकोला शहराची तहान भागविते, पूर्णेला मिळते आणि तिचे पाणी तापीतून अरबी समुद्रात जाते. याच जिल्ह्याच्या दक्षिण अंगाने पैनगंगा वाहते. तिचे पाणी वर्धा, प्राणहिता, गोदावरी असा प्रवास करून बंगालच्या उपसागराला मिळते. म्हणजे वाशीमच्या पठारावर शेजारी शेजारी पडलेल्या पावसाच्या दोन थेंबांपैकी एक पश्चिमेच्या समुद्रात आणि दुसरा पूर्वेच्या समुद्रात जाऊ शकतो.

‘जलविभाजक’ ही संकल्पना फळ्यावर रेघ ओढून समजावणे कठीण आहे. भारतीय अंतराळ संशोधन संस्थेने २००९ साली ‘भुवन’ हे नकाशांचे संकेतस्थळ सुरू केले. त्यावरील उपग्रह छायाचित्रात मुलांनी स्वतःची शाळा शोधावी, गावचा नाला शोधावा, त्या नाल्याचे बोट धरून नदीपर्यंत आणि नदीचे बोट धरून समुद्रापर्यंत जावे. हा पाठ पाऊण तासाचा आहे. पण आपल्या गावाचे पाणी कोणत्या समुद्राला मिळते हे एकदा डोळ्यांनी पाहिलेले मूल ते जन्मभर विसरणार नाही. येथे साधनाने असे काही दाखविले, जे फळा दाखवू शकत नव्हता. निवडीची कसोटी हीच आहे.

याच्या उलट उदाहरण विजेच्या मंडलाचे. कोलोरॅडो विद्यापीठाने २००२ पासून विकसित केलेले ‘फेट’ हे आभासी प्रयोग विनामूल्य असून त्यांतील अनेक मराठीतही आहेत. त्यात तारा जोडून दिवा लावता येतो. पण खरा सेल, खरी तार आणि खरा छोटा दिवा यांना फारसा खर्च येत नाही. मुलाने प्रथम खऱ्या तारा हाताळाव्यात, चुकीची जोडणी केल्यावर दिवा लागत नाही हा अनुभव घ्यावा आणि मग तारेतून काय वाहते, हे न दिसणारे दृश्य पडद्यावर पाहावे. क्रम बदलला तर विज्ञान हे खेळण्यासारखे वाटू लागते.

शेत, बियाणे आणि आलेख

सोयाबीन हे या जिल्ह्याचे प्रमुख पीक. पेरणीपूर्वी घरच्या बियाण्याची उगवणशक्ती तपासावी, असे कृषी विभाग दरवर्षी सांगतो. शंभर दाणे ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या दहा ओळींत ठेवावयाचे, गुंडाळी करून ते ओलसर राखावयाचे आणि काही दिवसांनी चांगले कोंब आलेले दाणे मोजावयाचे. सत्तर वा अधिक दाणे उगवले तर बियाणे पेरणीयोग्य मानतात.

एप्रिल महिन्यात प्रत्येक मुलाने घरचे शंभर दाणे आणले, तर शेकडेवारीचा याहून चांगला पाठ कोणता? मिळालेले आकडे संगणकाच्या तक्त्यात भरावेत, त्यांचा स्तंभालेख काढावा आणि कोणाच्या घरचे बियाणे सत्तरच्या खाली आहे हे मुलांनीच ओळखून ते घरी सांगावे. त्या दिवशी गणिताचा तास थेट बापाच्या खरिपाशी जोडला जातो. दुबार पेरणीचे संकट ज्या घराने सोसले आहे, त्या घराला शाळेचे मोल वेगळे सांगावे लागत नाही.

तांड्यावरील मूल

मानोरा तालुक्यातील पोहरादेवी हे बंजारा समाजाचे श्रद्धास्थान. जिल्ह्यातील अनेक तांड्यांवर घरात गोरमाटी बोलली जाते. तेथील मूल पहिलीत येते तेव्हा प्रमाण मराठी ही त्याला नवी असते. ते गप्प बसते आणि त्या गप्पपणाला कोणी मंदबुद्धी समजते. येथे खरी हानी होते, आणि ती कोणत्याही अहवालात दिसत नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने शक्य तेथे किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिक्षणाचा आग्रह धरला आहे, तो याच कारणाने.

तांड्यावरून आलेल्या छात्राध्यापिकेला यात मोठी संधी आहे. आजीने सांगितलेली गोष्ट भ्रमणध्वनीवर ध्वनिमुद्रित करता येते, देवनागरीत लिहिता येते आणि शेजारी तिचे मराठी रूप मांडता येते. प्रथम बुक्स या संस्थेने २०१५ साली सुरू केलेल्या ‘स्टोरीवीव्हर’ या संकेतस्थळावर अनेक भाषांतील चित्रमय गोष्टी मुक्त परवान्याने मिळतात. त्या उतरवून घेता येतात, छापता येतात आणि आपल्या भाषेत आणता येतात.

अशा द्विभाषिक लेखनाला या भूमीत फार जुना आधार आहे. वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. दुसऱ्या विंध्यशक्तीचा जो ताम्रपट १९३९ साली येथे उजेडात आला, त्यातील वंशावळीचा भाग संस्कृतात, तर दानाचा तपशील मुख्यतः प्राकृतात आहे. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी १९६३ साली प्रसिद्ध केलेल्या वाकाटक लेखांच्या संग्रहात त्याचा अभ्यास आहे. राजदरबारालाही जे लोकांना कळावयास हवे ते लोकांच्या भाषेत लिहावे लागले, तर प्राथमिक शाळेने त्यात कमीपणा का मानावा?

चार सावधगिऱ्या

पहिली गोष्ट, वीज आणि संपर्कजाळे यांच्यावर पाठ टांगून ठेवू नये. ‘दीक्षा’वरील पाठ आणि ‘फेट’चे अनेक प्रयोग आधी उतरवून घेता येतात. पाठटाचणात एक रकाना वाढवावा : वीज गेली तर काय? ज्या पाठाला या रकान्यात उत्तर नाही, तो पाठ अपुरा आहे.

दुसरी गोष्ट, घरी भ्रमणध्वनी आहे असे गृहीत धरून गृहपाठ देऊ नये. महामारीच्या काळात एका घरात एकच संच आणि तोही वडिलांसोबत शेतात, हे चित्र खेडोपाडी दिसले. भावाला संच मिळतो आणि बहिणीला उरलेला वेळ मिळतो, हेही अनुभवाचे आहे. जे साधन वर्गातील एका मुलीलाही मागे ठेवते, ते त्या वर्गाचे साधन नव्हे.

तिसरी गोष्ट, मुलांची छायाचित्रे, नावे, गुण आणि पालकांचे क्रमांक ही शाळेकडे ठेवलेली ठेव आहे. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील व्यक्तीला बालक मानले असून तिची माहिती वापरण्यापूर्वी पालकांची पडताळलेली संमती घेण्याची तरतूद केली आहे. विनामूल्य मिळणारे प्रत्येक साधन खरोखर फुकट नसते. पुष्कळदा त्याची किंमत माहितीच्या रूपाने दिली जाते.

चौथी गोष्ट, यंत्राने दिलेले उत्तर तपासल्याशिवाय वर्गात नेऊ नये. कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने अस्खलित लिहितात. पण अस्खलित आणि अचूक हे दोन वेगळे गुण आहेत. लहान गावे, लहान नद्या, बोलीभाषा यांविषयी त्यांची चूक होण्याचा संभव अधिक असतो. काटेपूर्णेचा उगम यंत्राला जरूर विचारावा, मग तो नकाशावर पाहावा, मराठी विश्वकोश व जिल्ह्याचे गॅझेटिअर यांत पडताळावा आणि शेवटी काट्याच्या एखाद्या वृद्ध शेतकऱ्यालाही विचारावा. उत्तर पडताळण्याची ही सवय मुलाला लागली, तर पाठाचा अर्धा हेतू सफल झाला.

गावाची जबाबदारी

हे काम एकट्या शिक्षकाचे नाही. शाळेला मिळालेला पडदा वीजबिल थकल्यामुळे बंद राहत असेल, तर तो प्रश्न ग्रामसभेचा आहे. ‘आमचा गाव, आमचा विकास’ या आराखड्यात शाळेची वीज, संपर्कजाळे आणि साधनांची दुरुस्ती यांना स्थान मिळावे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत पालकांना बहुमत दिले आहे, ते अशाच गोष्टींची विचारपूस करण्यासाठी. नवे साधन विकत घेताना उत्साह असतो; दुसऱ्या वर्षी ते चालू आहे ना, हे पाहणारा पंचायत सदस्य अधिक मोलाचा.

युनेस्कोने २०२३ च्या आपल्या जागतिक शिक्षण अहवालात तंत्रज्ञानाविषयी एकच मूलभूत प्रश्न विचारला : हे साधन कोणाच्या अटींवर? वाशीमच्या छात्राध्यापकाने त्याचे उत्तर तांड्यावरील गप्प बसलेल्या मुलाकडे पाहून द्यावयाचे आहे. ते मूल बोलू लागले, त्याने प्रश्न विचारला, घरी जाऊन ‘आपल्या नाल्याचे पाणी कोणत्या समुद्रात जाते ते ठाऊक आहे का?’ असे आईला विचारले, तर साधन योग्य होते आणि शिक्षकही योग्य होता. तसे झाले नाही, तर पडदा बंद करून त्या मुलाशेजारी जाऊन बसावे. तेथून पाठ पुन्हा सुरू करता येतो.